क्लिओ: इतिहासाची ग्रीक देवता आणि तिच्या नावाची मंडळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शब्दांच्या व्युत्पत्तीवर अधूनमधून लिहितो, म्हणून माझ्याकडे प्रश्न येतात. त्यांत ‘क्लिओ’ दर दोन-चार महिन्यांनी हजर असते. विचारणारे साधारण तीन गटांतले: स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, गाडीवेडे, आणि घरात नुकतीच मुलगी जन्मलेली जोडपी. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत, शुद्धलेखन तेवढं माझं.

१. क्लिओ म्हणजे नेमकी कोण? देवी, अप्सरा की कवीची कल्पना?

देवी. ग्रीक पुराणकथांप्रमाणे देवांचा राजा झ्यूस आणि म्नेमोसिनी यांना नऊ रात्रींच्या सहवासातून नऊ मुली झाल्या. त्यांना म्यूझ म्हणतात. म्नेमोसिनी म्हणजे स्मृती, म्हणजे या सगळ्या आठवणीच्या लेकी. जन्म ऑलिम्पस पर्वताजवळच्या पिएरियात, वावर हेलिकॉन डोंगरावर. इ.स.पू. ७००च्या सुमारास हेसिअड या कवीने देवांची वंशावळ सांगताना नऊही जणींची नावं घेतली आणि त्या यादीत क्लिओ पहिली येते. पहिली म्हणजे थोरली असं मात्र समजू नका. मानाने सर्वांत मोठी कोण, तर यादीत शेवटी येणारी कॅलिओपी, असं हेसिअड तिथेच सांगतो.

म्यूझ नऊच, हेही सगळीकडे पक्कं नव्हतं. दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार पॉसेनियस हेलिकॉनवरच्या जुन्या परंपरेत तिघीच होत्या असं नोंदवतो. त्या तिघींत क्लिओ नाही.

२. उच्चार काय करायचा? क्लिओ, क्लीओ की क्लायो? मराठीत कसं लिहू?

मराठीत ‘क्लिओ’ लिहा. आजच्या ग्रीकमध्ये उच्चार ‘क्लिओ’च, जोर शेवटच्या ‘ओ’वर. फ्रेंच लोकही जवळपास तसंच म्हणतात. ‘क्लायो’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. देवतेबद्दल बोलताना इंग्रज आणि अमेरिकन दोन्ही उच्चार करतात. याच नावाची रेनो गाडी आणि जाहिरातींचे पुरस्कार (प्रश्न ९ आणि ११) यांच्या बाबतीत मात्र ‘क्लीओ’च चालतं. प्राचीन ग्रीक उच्चार ‘क्लेइओ’च्या जवळचा होता. जर्मन वळणाने ‘सी’ऐवजी ‘के’ लिहितात, त्याची एक गंमत प्रश्न १२मध्ये आहे.

३. नावाचा अर्थ ‘इतिहास’ असा आहे का?

नाही, आणि या एका गोष्टीवर पुढची बरीच उत्तरं उभी आहेत.

नावाच्या मुळाशी ‘क्लेओस’ हा शब्द आहे. क्लेओस म्हणजे कीर्ती, पण कानावर येणारी कीर्ती. लोक ज्याबद्दल बोलतात, गायक ज्याचं गाणं करतात, ती. त्यावरून क्लिओ म्हणजे कीर्ती पसरवणारी. मराठीत मला यासाठी सापडलेला सर्वांत चपखल शब्द ‘गाजवणारी’. गाजणं म्हणजेही मुळात आवाज होणंच.

आता घरचा संबंध. क्लेओस आणि संस्कृत ‘श्रवस्’ हे सख्खे भाऊ आहेत. श्रवस् म्हणजे कीर्ती, धातू ‘श्रु’, ऐकणे. श्रवण, श्रुती ही सगळी त्याच घरातली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात इंद्राकडे मागणं आहे: ‘पृथु श्रवो बृहत्’, आणि पुढे ‘अक्षितम्’. कीर्ती दे, मोठी, विस्तीर्ण, क्षय न पावणारी. तिकडे ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या नवव्या सर्गात आकिलीस हा वीर म्हणतो, घरी परतलो तर दीर्घायुष्य मिळेल, ट्रॉयला राहून लढलो तर मरेन पण ‘क्लेओस आफ्थितॉन’ मिळेल. अर्थ तोच, अक्षय कीर्ती. नुसता अर्थच जुळतो असं नाही. ‘अक्षित’ आणि ‘आफ्थितॉन’ हेही एकाच मुळातून आलेले आहेत. आडालबर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३ साली हे साम्य दाखवून दिलं. ग्रीक आणि संस्कृत वेगळ्या होण्याआधीचे कवीसुद्धा ही शब्दांची जोडी वापरत असावेत, असं त्यावरून मानलं जातं.

‘मग आपली कीर्ती हाच शब्द तिकडे क्लिओ झाला का?’ हे हटकून विचारलं जातं. नाही. ध्वनी जवळचे वाटतात, पण ‘कीर्ती’चा धातू वेगळा.

४. मग ती इतिहासाची देवता झाली कधी?

उशिरा. हेसिअडने खाती वाटली नव्हती. नऊही जणी एकत्र गातात, नाचतात, देवांना रिझवतात. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात इ.स.पू. ५७०च्या आसपासचा एक मोठा कुंभ आहे, त्यावर म्यूझ नावांसकट रंगवल्या आहेत. त्यांत क्लिओ आहे, पण इतिहासाची म्हणून ओळखावी असं काहीही तिच्यापाशी नाही.

पुढचा टप्पा मला सर्वांत मजेदार वाटतो. इ.स.पू. ४६८ साली सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा सत्ताधीश हिएरॉन याच्या घोड्यांनी ऑलिंपियातली रथांची शर्यत जिंकली. विजयगीत रचायचं काम बाकिलिडीस या कवीकडे आलं. त्याने गीताच्या सुरुवातीलाच साद घातली ती क्लिओला: हे गोड देणग्या देणाऱ्या क्लिओ, सिसिलीच्या देवींचं गा, आणि ऑलिंपियात धावलेल्या हिएरॉनच्या चपळ घोड्यांचं गा. हे गीत शतकानुशतकं हरवलेलं होतं. इजिप्तमधून आलेल्या पपायरसावरून ते १८९७ साली छापलं गेलं.

म्हणजे क्लिओचं काम काय होतं? धनिकाने शर्यत जिंकली की ती बातमी गाण्यातून ग्रीक जगभर पोचवायची. अशा गीतांचे कवीला पैसे मिळत. आपल्याकडच्या शाहिरीशी हे अगदीच परकं नाही. अफजलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाल्याचं त्या पोवाड्यातच येतं. रोमन कवी होरेसही इ.स.पू. पहिल्या शतकात क्लिओला हेच विचारतो: कोणत्या माणसाचं, कोणत्या वीराचं, कोणत्या देवाचं गुणगान करणार आहेस?

खातेवाटप पक्कं झालं ते ग्रीक संस्कृतीच्या उत्तरकाळात आणि रोमन काळात. ठोस पुरावा हवा असेल तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इटलीतल्या पाँपेईच्या एका घरातली भित्तिचित्रं आहेत. घर ज्युलिया फेलिक्स नावाच्या बाईचं. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं. त्यात प्रत्येक म्यूझच्या पायाशी नाव आणि खातं रंगवलं आहे. क्लिओखाली ग्रीक अक्षरांत ‘क्लेइओ’ आणि ‘इस्तोरियान’ असे दोन शब्द दिसतात. तिथे ती इतिहासाची झालेली आहे.

५. हिरोडोटसच्या पहिल्या भागाचं नावच ‘क्लिओ’ आहे. म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातच ती इतिहासाची होती ना?

हा प्रश्न परीक्षार्थींचा आवडता, आणि चूकही इथेच होते. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने आपला ग्रंथ नऊ भागांत तोडलाच नव्हता. ती विभागणी नंतरच्या संपादकांनी केली. भाग नऊ आणि म्यूझही नऊ, तेव्हा एकेकीचं नाव एकेका भागाला लागलं. दुसऱ्या शतकातल्या लूशन या ग्रीक लेखकाच्या लेखनात या नावांचा उल्लेख सापडतो. नावं यादीच्या क्रमाने दिलेली आहेत, विषय पाहून नव्हेत. तसं नसतं तर इजिप्तच्या वर्णनाच्या दुसऱ्या भागाला बासरीच्या युटर्पीचं नाव कशाला मिळालं असतं? आणि आपल्या भारतातल्या, वाळूतून सोनं उकरणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्यांची थाप ज्या तिसऱ्या भागात आहे, तो विनोदाच्या थेलियाच्या नावावर आहे. हे मात्र नकळत बरोबर जमलंय.

‘इतिहास’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘हिस्टोरिया’ हिरोडोटसने पहिल्याच वाक्यात वापरलाय. त्याचा अर्थ चौकशी, तपास. क्लिओ गाजवणारी, हिस्टोरिया चौकशी करणारी. या दोघींची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

६. चित्रात किंवा पुतळ्यात नऊजणींतून क्लिओ कशी ओळखायची?

प्राचीन शिल्पांत आणि चित्रांत हातात लिखाणाची गुंडाळी, कधी शेजारी गुंडाळ्यांची पेटी. ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयातल्या प्रसिद्ध मोझेकमध्ये कवी व्हर्जिल मध्ये बसलाय, एका बाजूला गुंडाळी घेतलेली क्लिओ आणि दुसऱ्या बाजूला शोकान्तिकेचा मुखवटा घेतलेली मेल्पोमिनी. युरोपीय प्रबोधनकाळानंतर गुंडाळीची जागा ग्रंथाने घेतली, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट आला आणि हातात तुतारी. चेसारे रिपा या इटालियन लेखकाने १५९३ साली चित्रकारांसाठी प्रतीकांचा एक कोशच काढला, त्यातला हा नेम.

याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे डच चित्रकार व्हर्मेअरचं ‘चित्रकला’ हे चित्र, अंदाजे १६६६ ते १६६८मधलं, सध्या व्हिएन्नात. पाठमोरा चित्रकार बसलाय. समोर निळ्या वस्त्रातली एक तरुण मुलगी उभी आहे. नजर खाली, डोक्यावर लॉरेल, उजव्या हातात लांब तुतारी, डाव्या हातात छातीशी धरलेला जाड ग्रंथ. चित्रकाराने कॅनव्हासवर आतापर्यंत रंगवलंय काय, तर फक्त मुकुटाची निळसर पानं. बाकी मुलगी अजून यायचीय. मागच्या भिंतीवर सुरकुत्या पडलेला नेदरलँड्सचा नकाशा. व्हर्मेअर कर्जात मेला, तरी हे चित्र त्याने विकलं नव्हतं. त्याच्या बायकोने ते सावकारांच्या तावडीतून वाचवायला आपल्या आईच्या नावावर करायचा खटाटोप केला. १९४०मध्ये ते हिटलरने विकत घेतलं आणि १९४५मध्ये ऑस्ट्रियातल्या एका मिठाच्या खाणीत सापडलं. इतिहासाच्या देवतेने एवढा इतिहास अंगावर घ्यावा!

तुतारी पाहून पुष्कळदा घोटाळा होतो. ‘फामा’ ही कीर्तीची रोमन मूर्तीही तुतारी घेऊनच असते. तिला बहुधा पंख असतात आणि हातात ग्रंथ नसतो. हा घोटाळा साहजिक आहे, कारण मूळ अर्थाने दोघींचं काम एकच (प्रश्न ३).

वॉशिंग्टनला जाणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या संसदभवनातल्या पुतळ्यांच्या दालनात दारावर क्लिओ रथात उभी आहे, हातात वही, लिहिते आहे. रथाला पंख आहेत आणि रथाचं चाक म्हणजे चक्क घड्याळ. हे १८१९ सालचं कार्लो फ्रान्झोनीचं शिल्प. त्या दालनात १८५७पर्यंत प्रतिनिधिगृह भरत असे. भाषण लांबलं की सभासदांची नजर घड्याळाकडे जाणार, आणि तिथे ही बाई सगळं टिपून घेताना दिसणार.

७. तिच्याबद्दल स्वतंत्र गोष्ट आहे का? लग्न, मुलंबाळं?

एकच म्हणण्यासारखी, तीही थोडक्यात. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या कथासंग्रहात येते. अॅडोनिसच्या प्रेमात पडलेल्या अफ्रोडाइटीला क्लिओने टोमणा मारला. प्रेमाच्या देवीला प्रेमावरून बोलणं महागात पडलं. तिने क्लिओलाच पिएरॉस नावाच्या मर्त्य माणसाच्या प्रेमात पाडलं. त्यांचा मुलगा हायसिंथस, अत्यंत देखणा. अपोलो देवाबरोबर थाळीफेक खेळताना थाळी लागून तो मेला. ते नाव आज फुलाला आहे. दुसऱ्या कथांत हायसिंथसचे आईबाप वेगळे आहेत, त्यामुळे ‘क्लिओचा मुलगा कोण’ असं कोणी परीक्षेत विचारलं तर पर्याय नीट बघा.

८. आपली सरस्वती म्हणजेच क्लिओ, असं म्हटलं तर चालेल?

चालणार नाही. सरस्वती एकटीच विद्या, वाणी, संगीत सगळं सांभाळते. ग्रीकांनी तेच नऊ जणींत वाटलं. तुलना करायचीच तर एका बाजूला सरस्वती आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या म्यूझ, अशी करा. हातात लिखाण म्हणून कोणी चित्रगुप्त सुचवतं. कल्पना गमतीची आहे, पण तो हिशेब ठेवतो न्यायासाठी, आणि क्लिओला पापाशी देणंघेणं नाही. खास इतिहासाची अशी देवता आपल्याकडे नाही. ‘इति-ह-आस’, म्हणजे ‘असं खरंच घडलं’, हा शब्द मात्र आहे.

९. रेनोची क्लिओ गाडी हिच्याच नावावरून आहे का? गाडीचा आणि इतिहासाचा काय संबंध?

हो, हिच्याच. रेनोच्या लहान गाड्यांना आधी आकडे असत. रेनो ५ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. तिची जागा घ्यायला १९९०च्या पॅरिस मोटर शोमध्ये क्लिओ आली आणि आकडे मागे पडून नावांचा काळ सुरू झाला. १९९१ची ‘युरोपातली वर्षाची गाडी’ ती ठरली, आणि २००६मध्ये तिच्या तिसऱ्या पिढीने तोच मान पुन्हा मिळवला.

संबंधाचं म्हणाल, तर इतिहासाशी शून्य. पण प्रश्न ४मधला हिएरॉनचा रथ आठवा. वेगाने धावणाऱ्या वाहनाचं कौतुक करायला कवीने क्लिओला बोलावलं होतं, ते गाडीच्या २४५७ वर्षं आधी. फ्रेंच कंपनीने हा विचार करून नाव ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. दोन अक्षरं, बाईचं नाव, युरोपातल्या कुठल्याही भाषेत म्हणायला सोपं, एवढं त्यांना पुरलं असणार. पण ‘देवीची विटंबना’ म्हणून जे रागावतात, त्यांना मी हा रथ दाखवतो.

१०. जपानमध्ये हीच गाडी वेगळ्या नावाने का? आणि भारतात का दिसत नाही?

जपानमध्ये ती ‘ल्युटेशिया’. कारण तिथे ‘क्लिओ’ हे नाव होंडाने आधीच घेऊन ठेवलं होतं. १९८४पासून होंडाच्या विक्री दुकानांच्या एका साखळीचं नाव ‘होंडा क्लिओ’ होतं. ल्युटेशिया हे पॅरिसच्या जुन्या रोमन नावावरून.

भारतात क्लिओ अधिकृत विक्रीला आलेली नाही. आपल्याकडे रेनो म्हणजे डस्टर आणि क्विड. क्लिओची चाकं आपल्याकडच्या माणसाला दिसतात ती फ्रान्स, इंग्लंड, तुर्कस्तानला गेल्यावर, बहुधा भाड्याने घेतलेल्या गाडीच्या रूपात.

एक उपप्रश्न नेहमी येतो: ‘रेनो थेलिया ही तिचीच बहीण का?’ दोन्ही अर्थांनी हो. क्लिओच्याच सांगाड्यावर डिकी जोडून केलेली सेडान पूर्व युरोपात ‘थेलिया’ नावाने विकली गेली, आणि थेलिया ही म्यूझही क्लिओची बहीण. इतर काही देशांत त्याच गाडीचं नाव ‘सिम्बल’, तिथे नात्याचा धागा तुटतो.

११. जाहिरातीच्या पुरस्काराला इतिहासाच्या देवतेचं नाव? हा विनोद आहे का?

ज्यांना क्लिओ इतिहासाचीच माहीत आहे, त्यांना वाटणारच. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये वॉलेस रॉस यांनी जाहिरातींसाठी हे ‘क्लिओ’ पुरस्कार सुरू केले. पण प्रश्न ३मधला ‘गाजवणारी’ हा अर्थ घेतला, तर सगळ्या आधुनिक नामधारकांत या पुरस्काराने नाव सर्वांत बरोबर वापरलं आहे. हिएरॉनने कवीला पैसे दिले आणि कवीने क्लिओला हाक मारली. जाहिरात संस्था याहून वेगळं काय करते?

बाहुलीसारखी उंच सडपातळ मूर्ती घडवली ती जॉर्ज ओल्डन या कृष्णवर्णीय अमेरिकन संकल्पनाकाराने. भारतातून, मुंबईत ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेचं काम सांभाळणाऱ्या पीयूष पांडे यांना २०१२मध्ये क्लिओचा जीवनगौरव मिळाला.

आणि १९९१चा तो तमाशा. आयोजक कंपनी पैशांनी डबघाईला आलेली, सोहळ्याचा सूत्रसंचालक आलाच नाही, जेवणाचं कंत्राट घेतलेल्या माणसाने माइक हातात घेतला. विजेत्यांची यादीही धड नव्हती. शेवटी लोक मंचावर चढले आणि टेबलावरच्या मूर्ती उचलून चालते झाले. पुढे दुसऱ्या मालकांनी पुरस्कार सावरले आणि ते आजही चालू आहेत. गाजवणारी त्या रात्री स्वतःच गाजली.

१२. ‘८४ क्लिओ’ हा लघुग्रह ‘के’ने का लिहितात? आणि जुन्या पुस्तकांत ‘१२ क्लिओ’ कुठून आला?

आधी दुसऱ्याचं उत्तर. १८५० साली लंडनमध्ये जॉन रसेल हिंड यांनी बारावा लघुग्रह शोधला आणि नाव ठेवलं ‘व्हिक्टोरिया’. जिवंत राणीचं नाव आकाशात नको, म्हणून काही अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि आपल्या नोंदींत त्याला ‘क्लिओ’ म्हणायला सुरुवात केली. ‘व्हिक्टोरिया ही विजयाची रोमन देवताही आहे’ ही पळवाट हिंड यांच्यापाशी होती. अखेर व्हिक्टोरिया नावच टिकलं. जुन्या अमेरिकन लिखाणात ‘क्लिओ’ दिसली आणि साल १८६५च्या आधीचं असलं, तर तो बहुधा व्हिक्टोरियाच.

नाव मोकळं झालं आणि २५ ऑगस्ट १८६५ला रॉबर्ट लूथर यांनी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून शोधलेल्या चौऱ्याऐंशीव्या लघुग्रहाला मिळालं. ‘के’ हे ग्रीक वळणाचं लेखन, जर्मनांचं नेहमीचं. या वादाचा एक परिणाम असा की नऊ बहिणींत आकाशात सर्वांत शेवटी पोचली ती क्लिओ. बाकी आठ जणींचे आकडे १८ (मेल्पोमिनी) ते ८१ (टर्प्सिकोरी) यांच्यात आहेत. हेसिअडच्या यादीत पहिली, इथे शेवटची.

१३. क्लिओमेट्रिक्स म्हणजे काय? अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात आलंय.

इतिहासातल्या प्रश्नांना अर्थशास्त्राचे सिद्धान्त आणि आकडेवारी लावण्याची पद्धत. हा शब्द अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टॅन्ली रायटर यांनी १९६०च्या सुमारास जुळवला: क्लिओ आणि मोजमाप. सुरुवातीला तो निम्मा थट्टेचा होता. १९९३मध्ये रॉबर्ट फोगल आणि डग्लस नॉर्थ यांना या कामाबद्दल अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा थट्टा संपली.

उदाहरणाने पटकन कळेल. ‘रेल्वेमुळे अमेरिका श्रीमंत झाली’ हे सगळे धरून चालले होते. फोगल यांनी विचारलं, १८९०मध्ये रेल्वे नसतीच आणि माल कालव्यांनी, घोडागाड्यांनी गेला असता, तर देशाचं उत्पन्न किती कमी झालं असतं? हिशेब आला तो फार मोठा नव्हता, काही टक्क्यांचा. यावर वादळ उठलं. भारताच्या बाबतीत डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन मिठाच्या किमती आणि शेतीच्या नोंदी वापरून असाच शोध घेतला. रेल्वे पोचल्यावर जिल्ह्याचं शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १८५३ची, म्हणजे कून यांनी श्रवस् आणि क्लेओसची जोडी लावली त्याच वर्षीची. या योगायोगाला काहीही अर्थ नाही. मला तो आवडतो, इतकंच.

नाव मात्र मला उलटं वाटतं. मोजून, तपासून, गाजलेल्या समजुतींना धक्का द्यायचा आणि नाव गाजवणारीचं! पण आता रुळलं.

१४. क्लिओ आणि क्लिओपात्रा एकच नाव ना? ‘क्लेओ’ हे काय?

एकच नाही, चुलतबहिणी आहेत. क्लिओपात्रा म्हणजे क्लेओस आणि ‘पातेर’ (पिता): बापाची कीर्ती. मराठीत ‘बापाचं नाव काढणारी’. ‘क्लेओ’ हे सहसा क्लिओपात्राचंच लाडाचं रूप, रोमन लिपीत त्यात ‘आय’ऐवजी ‘ई’ येतो. सॉफोक्लीस, पेरिक्लीस, थेमिस्टोक्लीस या सगळ्यांच्या शेपटीतही तेच क्लेओस आहे. हेराक्लीस म्हणजे ‘हेरामुळे कीर्ती मिळालेला’. त्याचा जन्मभर छळ केला तो त्याच हेरा देवीने, हे ग्रीकांनाही खटकत असे.

१५. एका ठिकाणी क्लिओ ही समुद्रकन्या असल्याचं वाचलं. चूक आहे का?

चूक नाही, ती दुसरी क्लिओ. व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्याच्या चौथ्या भागात क्लिओ आणि तिची बहीण बेरोई या सागराच्या मुली येतात. म्यूझशी त्यांचा संबंध नाही. पोहणाऱ्या, काचेसारख्या पारदर्शक इवल्या गोगलगाईंच्या एका प्रजातीलाही लिनियसने १७६७मध्ये ‘क्लिओ’ म्हटलं. संदर्भ समुद्राचा असेल तर म्यूझकडे धाव घेण्याआधी थांबा.

१६. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लिओ नावाचा रस्ता आहे म्हणे?

आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेल्या त्या भागात नऊही म्यूझच्या नावाचे रस्ते आहेत. स्थानिक लोकांनी उच्चारांची पार वाट लावली आहे: कॅलिओपीचं ‘कॅलिओप’, टर्प्सिकोरीचं ‘टर्प्सिकोर’. क्लिओबद्दल सांगतात की पाटीवरची रोमन अक्षरं ‘सी एल’ आणि पुढे दहाचा आकडा अशी वाचून लोक त्याला ‘सी-एल-टेन’ म्हणत. तिकडचा माझा एक वाचक कळवतो की टॅक्सीवाल्याला ‘क्लिओ’ सांगून उपयोग नाही, ‘क्लायो’ म्हणावं लागतं.

१७. इतिहासकार तिला अजून मानतात का?

नावापुरतं, पण आवडीने. प्राचीन इतिहासाचं ‘क्लिओ’ हे जर्मन नियतकालिक १९०१पासून निघतं (लेखन अर्थातच ‘के’ने). फ्रान्समध्ये १९९५ला सुरू झालेलं ‘क्लिओ’ स्त्रियांच्या इतिहासाला वाहिलेलं आहे. शतकानुशतकं पुरुषांनी पुरुषांचा इतिहास लिहिला आणि देवता मात्र बाई ठेवली, तेव्हा हे नाव त्यांनी हक्काने घेतलं म्हणायचं.

१८. मुलीचं नाव क्लिओ ठेवायचंय. घरचे नको म्हणतात. तुमचं मत?

ठेवा की. ग्रीसमध्ये आजही हे बायकांचं नाव आहे. अर्थ चांगला आहे, आजी-आजोबांना ‘श्रवस्’ची जोडी सांगितली तर त्यांचाही विरोध निम्मा होतो. एक गृहस्थ मला म्हणाले, ‘गाडीचं नाव आहे ते.’ त्यांच्या थोरल्या नातीचं नाव अल्टो नसलं तरी नातवाचं झेन असल्याचं मागाहून कळलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा. ‘आय’ की ‘ई’, ‘सी’ की ‘के’, यांत चार वेगवेगळी रूपं तयार होतात. आणि देवनागरीत ‘क्लिओ’ लिहूनही शाळेत कोणीतरी ‘किल्ओ’ वाचणार, एखादी बाई ‘किलो’ म्हणून हाक मारणार. माझ्या माहितीतल्या एका क्लिओला चौथीपर्यंत हे ऐकावं लागलं. पाचवीत तिने वहीच्या वेष्टनावर नावाखाली लिहून टाकलं: ‘क ला ल जोडा, मग वेलांटी.’